पाणी आलं का?

पुणं सोडून लातूर, लातूर सोडून नांदेड. व्हिसा लागला नाही, पण परदेशी गेल्यासारखं मात्र झालं!

२०१५च्या जूनमध्ये आम्ही दोन मैत्रिणींनी एकाच आठवड्यात पुणं सोडलं. ती निघाली इंग्लंडमधल्या लीड्सला, कंपनीच्या प्रोजेक्टवर. मी निघाले लातूरला, बँकेच्या बदलीवर. तिच्या सेंड-ऑफला केक, फोटो, एअरपोर्टवर डझनभर माणसं. माझ्या सेंड-ऑफला आत्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दोनच वर्षांचा प्रश्न आहे, जातील भुर्रकन." जणू मी लातूरला नाही, येरवड्याला निघाले होते!

जाण्यापूर्वी आमचा दोघींचा एक करार झाला. रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना एक गोष्ट कळवायची : 'इथे वेगळं काय?' पहिल्याच रात्री तिचा मेसेज आला. "अगं, इथे बेसिनला दोन वेगवेगळे नळ! एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ. मधलं काही नाहीच. हे लोक तोंड धुतात तरी कसं?" मी लिहिलं, "माझ्याकडे नळ एकच आहे. त्यातून काहीच येत नाही."

तेव्हा तो विनोद होता.

लातुरात मला औसा रोडच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. मिळाल्या म्हणजे काय, इंटरव्ह्यू देऊन मिळवल्या. घरमालक काकांचा पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" मी म्हटलं, "पुणे." "ते झालं राहायचं. गाव कोणतं?" शेवटी आजोबांचं वाईजवळचं, आयुष्यात दोनदा पाहिलेलं गाव सांगितलं, तेव्हा कुठे काकांचा चेहरा सैल पडला. मग आडनाव, मग पगार, मग लग्न का नाही. मला भयंकर राग आला होता. आता वाटतं, पुण्यातही घर देताना हेच सगळं विचारतात, फक्त आधी 'गैरसमज करून घेऊ नका हं' असं म्हणतात. (आडनावाच्या आड काय विचारायचं असतं ते दोन्हीकडे एकच, आणि दोन्हीकडे सारखंच वाईट. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

पहिल्या रविवारी काकू वर आल्या. मी पाणी दिलं, त्यांनी अर्धा ग्लास प्यायला. त्या बसलेल्या असतानाच मी सवयीनं उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं. काकू काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात एक रिकामं पातेलं ठेवलेलं. "हे मोरीपाशी ठेव माय. उष्टं, धुतल्यालं, जे उरंल ते ह्यात वत. संडासाला होतंय."

मग सकाळी मी पिंपातलं कालचं पाणी ओतून ताजं भरायला निघाले, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. आमच्याकडे आजीच्या काळापासूनची पद्धत, शिळं पाणी ओतायचं. काकू म्हणाल्या, "पाणी कधी शिळं होतंय का माय?"

त्या वर्षी नळाला पाणी यायचं दहा-बारा दिवसांनी. कधी येणार ते नक्की नाही. आलं की गल्लीत आरोळी उठायची आणि सगळं शहर हातातलं काम टाकायचं. बँकेतल्या एका मॅडमना काउंटरवर घरून फोन आला, त्यांनी समोरच्या कस्टमरला नुसतं "पाणी आलंय" म्हटलं, तर तोच म्हणाला, "जावा जावा, मी थांबतो की." पुण्यात कुणी भेटलं की 'जेवण झालं का?' विचारतात. इथे विचारायचे, 'पाणी आलं का?' टाकी, हौद, पिंप, घागर, कळशी, सगळ्यात शेवटी डाळ शिजवायचा कुकरसुद्धा भरून ठेवायचा. दोन महिन्यांत माझ्या डोक्यात बँक बॅलन्सच्या शेजारी दुसरा एक बॅलन्स पक्का बसला : टाकीत किती बोटं पाणी उरलंय.

करायलाव म्हणजे काय रे भाऊ?

मराठी मातृभाषा असताना मराठी न कळणं हा काय अनुभव असतो, तो मी लातुरात घेतला. दुसऱ्याच दिवशी एका शेतकरी आजोबांनी खिडकीतून विचारलं, "मॅडम, काय करायलाव?" मला वाटलं, ते कुणाला तरी काहीतरी 'करायला लाव' म्हणतायत. मी म्हटलं, "कोणाला करायला लावू?" आजोबा माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेजारच्या टेबलावरून खुलासा आला : 'काय करायलाव' म्हणजे 'काय करताय'! येताय म्हणजे येलाव, जेवतेस म्हणजे जेवायलीस. एकदा कळलं की सोपं आहे, पण कळेपर्यंत माझी शोभा झाली.

त्याहून मोठी फजिती पुढेच होती. कर्जाच्या एका फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता 'गुत्तेदार'. आमच्याकडे गुत्ता असतो तो दारूचा! मी तो अर्ज तीन दिवस बाजूला ठेवला, की दारूचा गुत्ता चालवणाऱ्याला कर्ज द्यायचं तरी कसं. मॅनेजर साहेब पोट धरून हसले. गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार. रस्त्याचा, शाळेच्या खोल्यांचा, कालव्याचा. अख्ख्या मराठवाड्यात हाच शब्द. आणि सकाळच्या नाश्त्याला कुणी "सुशीला खाणार का?" असं विचारलं, तर दचकू नका. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. पोह्यांची सावळी बहीण म्हणा. मला तर पोह्यांपेक्षा जास्त आवडायला लागली.

पण या सगळ्या वेगळेपणाचं मूळ मला कळलं ते एका कर्ज प्रकरणात. जमिनीच्या कागदांत जुन्या नोंदींच्या झेरॉक्स होत्या, आणि त्या चक्क उर्दूत. मी सहज म्हटलं, "हे काय परदेशातले कागद आहेत का?" रिटायरमेंटला आलेले आमचे एक सीनियर शांतपणे म्हणाले, "हो. परदेशातलेच."

खरंच की! शाळेत इतिहासात चार ओळी वाचल्या होत्या, त्या कधी अंगाला लागल्या नव्हत्या. लातूर, नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा मुलूख. १५ ऑगस्ट १९४७ला पुण्यात पेढे वाटले जात होते, तेव्हा इथे स्वातंत्र्य आलेलंच नव्हतं. ते आलं १७ सप्टेंबर १९४८ला, लष्कराच्या कारवाईनंतर, तेरा महिने उशिरा. म्हणून इथे वर्षात एक झेंडावंदन जास्त असतं. राज्यकारभाराची भाषा उर्दू, स्वतःचं नाणं (हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा), आणि सरहद्दीवर करोडगिरी नावाचं स्वतःचं जकात खातं. म्हणजे तेव्हा सोलापूरहून लातूरला माल आणायचा तर कस्टम्स! १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्रात. २०२३पासून कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं शोधायला सुरुवात झाली, तेव्हा पुण्यामुंबईतल्या अनेकांना पहिल्यांदा कळलं, की आपल्याच राज्याच्या एका भागाचे जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचणारी माणसं आता मोजकीच उरलीयत. रझाकारांच्या गोष्टी इथे सगळे सांगतात. पोलिस अ‍ॅक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते मात्र आवाज खाली करून. (सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे जिल्हे सांगितले, त्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा त्याच उस्मानाबादेत होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ला.)

त्या रात्री मी लीड्सला मेसेज टाकला : "तू आपल्यावर राज्य केलेल्यांच्या देशात गेलीस. मी अशा ठिकाणी आलेय, जिथे राज्य करणारे वेगळेच होते."

आता लातूरचं म्हणून जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते : लातूर पॅटर्न. पहाटे साडेपाचला दप्तरं पाठीवर घेतलेल्या पोरापोरींनी रस्ते भरतात. बाहेरगावची मुलं, खोल्या, मेस, डबे, चौकाचौकांत मार्कांसकट फोटो. शहरात सेलिब्रिटी कोण, तर गेल्या वर्षीचा टॉपर! दुसरं गंजगोलाई. मधोमध गोल इमारत, त्यात देवीचं देऊळ, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे सोळा रस्ते. एकात सोनं, एकात भांडी, एकात कापड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ज्या रस्त्यानं शिरले तो सापडायला पाऊण तास लागला. आणि तिसरं सोयाबीन. पुण्यात लंच टाइमला सेन्सेक्सवर बोलतात, इथे मार्केट यार्डातल्या भावावर. शंभर रुपये पडला की बँकेत त्या दिवशी माणसं हळू आवाजात बोलतात. तुमच्याआमच्या घरच्या तुरीच्या डाळीचा भावही बराचसा याच यार्डात ठरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काकूंनी एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगून ठेवली होती. झोपताना उशाशी बॅटरी आणि चप्पल, आणि डोक्यावरच्या फळीवर जड काही नको. कारण विचारायची गरज पडली नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती विसर्जनाची रात्र. किल्लारी इथून जेमतेम चाळीस किलोमीटर. काकूंचं माहेर त्या बाजूचं. दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते झोपलेल्यांवर आलं. त्या याहून जास्त काही बोलत नाहीत, मीही विचारलं नाही.

येळवस

जानेवारी २०१६. काकू म्हणाल्या, "उद्या येळवस. बँकेला सुट्टी हाय का नाय?" येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. शेजारच्या कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर बंद असतं. कुणी बंद करत नाही, माणसंच नसतात! ज्याला शेत आहे तो स्वतःच्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. आमंत्रण लागत नाही.

आम्ही टेम्पोतून गेलो. कडब्याची खोप केलेली, आत पाच दगड, चुना लावलेले. ते पांडव. मडक्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भजी नव्हेत बरं का, ही भज्जी! हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, वांगी, पात, शिवारात जे जे म्हणून हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवून केलेलं प्रकरण. पुण्याच्या हॉटेलात कुणी मेन्यूकार्डवर टाकलं, तर पाचशे रुपये लावतील आणि चव तरीही येणार नाही.

फक्त त्या वर्षी शिवारात हिरवं फारसं नव्हतंच. ज्वारी गुडघ्याएवढी, तिथेच थांबलेली. विहिरीत दगड दिसत होता. भज्जीची भाजी काकूंनी गंजगोलाईतून विकत आणली होती, आणि आंबिलीचं पाणी शहरातून कॅनमध्ये. म्हणजे दहा दिवसांनी नळाला येणारं तेच पाणी. जेवणाआधी काका आंबील घेऊन शेताच्या चारी बाजूंनी शिंपत गेले. मी आता हिशेबी झाले होते. मनात आलं, अर्धा हंडा तरी गेला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या एरवी थेंबाला थेंब जपणाऱ्या.

"त्याला पण तहान हाय की," त्या शेताकडे बघून म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात नळ बंदच झाले. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली, कलम १४४. दंगलीचं कलम पाण्याला! बँकेत बोअरसाठी कर्ज मागणाऱ्यांची रांग. तामिळनाडूच्या नंबर प्लेटच्या बोअरच्या गाड्या रात्रंदिवस घरघरायच्या, नारळ हातावर धरून पाणाडे फिरायचे, सातशे-आठशे फूट खाली जाऊन धूळ निघायची, आणि कर्ज तेवढं राहायचं. त्यातले किती अर्ज मी स्वतः मंजूर केले, ते आजही मोजायला नको वाटतं.

१२ एप्रिल २०१६ला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णेचं पाणी. काका स्टेशनवर बघायला गेले होते. परत आले, चहा घेतला आणि म्हणाले, "जवळून रेल्वे बघितली. पाण्याची हाय असं वाटंना. तेलाची वाटायली." पुढे पन्नास वाघिणी यायला लागल्या. पण पावणेचार लाखांहून मोठं शहर, पाणी रेल्वेतून उतरवून, पुढे टँकरनं गल्लीत येईपर्यंत माणशी काय उरत असेल? आमच्या गल्लीत घागरींची रांग असायची. माणसं सावलीत, घागरी उन्हात. लीड्सहून फोन आला, "अगं, तुमचं लातूर इथल्या न्यूजवर दाखवलं! तू बरी आहेस ना?" मी रांगेत होते. "नंतर बोलते," म्हटलं, "माझा नंबर आलाय."

मे महिन्यात चार दिवस घरी गेले. पुण्यातही तेव्हा दिवसाआड पाणी होतं, आणि तेवढ्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर केवढा गहजब! सकाळी गॅलरीतून बघितलं तर बाबा पाइप लावून गाडी धूत होते. मी खाली गेले आणि नळ बंद केला. बाबा म्हणाले, "आज आपला पाण्याचा दिवस आहे." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई मध्ये पडली. त्यांना वाटलं, पोरगी खेड्यात राहून चिडखोर झाली. दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. मी आईच्या मोरीपाशी एक पातेलं ठेवून आले. बाबांनी ते महिनाभर हलवलं नाही, एवढं आईनं नंतर फोनवर सांगितलं.

सप्टेंबरअखेर पाऊस असा कोसळला, की मांजरा भरलं. काकू धरण बघायला रिक्षा करून गेल्या. लग्नाला जाताना नेसतात ती साडी नेसून.

कामून मॅडम?

२०१८ला बदली नांदेडला. दोन वर्षांचे तीन झाले होते, आत्या आता विचारायचीही थांबली होती. लातूरहून नांदेड दीडशेच्या आत, पण लातूरचं स्टेशन मध्य रेल्वेत आणि नांदेडचं दक्षिण मध्य रेल्वेत. दोन्ही शहरांची तोंडं दोन दिशांना! लातूरचा माणूस शिकायला-नोकरीला पुण्याकडे बघतो. नांदेडच्या माणसाला दवाखाना हैदराबादचा, लग्नाचा बस्ता हैदराबादचा, बिर्याणीही त्याच बाजूची. शेजारच्या काकूंची सून तेलुगूत भांडते आणि मराठीत समेट करते. 'का' ऐवजी 'कामून', 'हो' ऐवजी 'हाव'. आणि रिक्षावाल्याचं 'परसों' म्हणजे परवाच असेल असं समजू नका, गेल्या दिवाळीचंही असू शकतं.

पहिल्या सकाळी नळाला धो धो पाणी. मी बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला. दारातून जाणारे शेजारचे सरदारजी थबकले. निळी पगडी, पांढरी दाढी. मी हिंदीत सुरुवात करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "कामून मॅडम? एवढ्या बादल्या कामून भरायल्या? उद्या येतंय की!" हे दखनी शीख. त्यांचे पूर्वज महाराजा रणजितसिंगांच्या काळात पंजाबातून आले ते इथलेच झाले. सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तूही रणजितसिंगांनीच बांधवली, १८३२ ते १८३७मध्ये. गुरू गोबिंदसिंगजींचा शेवट इथेच झाला, १७०८मध्ये. म्हणून अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटर धावून या गावी येते, आणि उतरणाऱ्या पंजाबी म्हाताऱ्यांना स्टेशनबाहेर मराठी बोलणारे सरदारजी भेटतात. नवलाईनं बघतात ते! परकेपणाची पाळी मग त्यांची.

संध्याकाळी मी नगिना घाटावर जाऊन बसते. गोदावरी बहुतेक भरलेली. सुरुवातीला एवढं पाणी एका जागी बघून मला थोडं चोरी केल्यासारखं वाटायचं.

लीड्सची मैत्रीण अजून लीड्सलाच आहे. तिला दोन नळांची सवय झालीय. बेसिनला बूच लावते, दोन्ही सोडते, हातालाच अंदाज येतो म्हणते. तिचा मुलगा मागच्या सुट्टीत पुण्यात आला, तर आजीच्या घरचा एकच नळ बघून विचारायला लागला, "गरम कुठे आहे?"

मी नांदेडमध्ये रोज पाणी येत असूनही उष्ट्या पाण्याचं पातेलं मोरीपाशी ठेवते. मागच्या आठवड्यात काकूंना फोन लावला. तब्येत, सोयाबीन, काकांचा गुडघा वगैरे विचारायचं ठरवलं होतं. पलीकडून फोन उचलला आणि माझ्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"पाणी आलं का काकू?"

"आलंय की माय, भरायले. ठेव आता, मागून लाव."